उजेडात पिवळे

"हात लावायचा नाही. नुसतं बघ," लिगाया म्हणाली.

लेनोराने दोन्ही हात पाठीमागे बांधले. घरच्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. म्हणून तिच्या वडिलांच्या, हार्लनच्या, बोटातून काढलेला तुकडा तिची सहकारी लिगाया हिच्या टेबलावर गेला होता. बोट कधीपासूनचं सुजलेलं, जखम भरत नव्हती, कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. "गुलाबाचा काटा लागला," एवढंच म्हाताऱ्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. काचपट्टीवर टीबीच्या जंतूंसारख्या लाल काड्या दिसल्या होत्या. टीबी नाही, हे लगेच कळलं. त्याच्याच भावकीतलं दुसरं कुणीतरी. पण कोण? ते कळेपर्यंत थांबायला सर्जन तयार नव्हता. बोट कापू या, म्हणत होता.

"अंगाइतक्या उबेच्या पेटीत काही उगवलंच नाही," लिगाया सांगू लागली. "पण कातडीचा नमुना, म्हणून नळ्यांची एक जोडी गार पेटीत ठेवली होती. तिच्यात पांढुरके ठिपके आले. मग एक नळी दिव्याखाली ठेवली. आता बघ."

ठिपके पिवळेधमक झाले होते. शेजारची, चंदेरी कागदात गुंडाळलेली नळी उघडली, तर ती तशीच फिकट.

गारव्यात वाढतो, उजेडात पिवळा पडतो. लेनोराला पुढचं सांगावं लागलं नाही. "मरायनम," ती जंतूचं नाव पुटपुटली.

"मशीननेही तेच नाव दिलं. याच्यावर औषध आहे. आपल्या साहेबांनी सर्जनला फोनही केला. कापाकापी नाही."

लेनोराला रडूच फुटलं. लिगायाने तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि मग हळूच विचारलं, "पण काय गं, हा पाण्यातला जंतू. मासे-खेकडे हाताळणाऱ्यांना होतो. गुलाबाच्या झाडावर काय करत होता?"

लेनोराचं रडणं तिथेच थांबलं.

संध्याकाळी ती क्रिसफील्डला, वडिलांच्या घरी पोचली तेव्हा हार्लन ओसरीच्या पायरीवर बसला होता, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून, खाडीकडे बघत.

"बोट राहणार," ती म्हणाली. "गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच महिने."

"देव भलं करो त्या तुझ्या मैत्रिणीचं."

"बाबा, खेकड्यांना कधीपासून जातोयस?"

म्हाताऱ्याने बँडेजचा हात पाठीमागे नेला.

"हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा हात धरून शपथ घेतली होतीस. होडीत पाऊल ठेवणार नाही म्हणून."

"तू रडत होतीस. काहीतरी म्हणायला हवं होतं." त्याने मान खाली घातली. "घरात करमत नाही गं. तुझी आई गेल्यापासून भिंतीच बघायच्या. पाण्यावर गेलं की जरा माणसात आल्यासारखं वाटतं."

"अरे, पण बोट कापायला निघाले होते! पाण्यात हात घालतो, एवढं डॉक्टरांना सांगितलं असतंस तर तेव्हाच औषध मिळालं असतं. बोट द्यायला तयार झालास, पण खरं सांगायला नाही?"

"तुझ्या कानावर गेलं असतं ना." म्हातारा हसला, जरा ओशाळून. "बोटं दहा आहेत, पोरी. मुलगी एकच."

घरून निघताना तिने खूप काही बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं तिने सोडून दिलं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढले, कोपरापर्यंत येणारे, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या हातात चढवून बघितले.

"खेकड्यांचे पिंजरे मी ओढणार," ती म्हणाली. "जखम भरेपर्यंत तू पाण्यात हात घालायचा नाहीस. एकटं तर कधीच जायचं नाही. शनिवारी मला सुट्टी असते. किती वाजता निघायचं?"

हार्लनने तोंड फिरवलं. बोट कापायचं ठरलं तेव्हा त्याने पापणीही हलवली नव्हती. आता मात्र त्याने बाहीने डोळे पुसले.

"उजाडायच्या आत," तो म्हणाला. "आणि सुकाणू मी धरणार."