सर्वांसाठी खुली

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जनमतासाठीचा चौथा प्रश्न होता: राज्याने कर्जरोखे काढून खाडीकाठची जमीन जनतेसाठी विकत घ्यावी का? डेल्फीना अरुडा लहानपणी तिथेच शिंपल्या काढायची. पुढे बंगले उठले आणि वाट बंद झाली. म्हणून 'हो' म्हणा, असं सांगत ती म्हातारी अख्ख्या ऱ्होड आयलंड राज्यभर दारोदार फिरली. लोकांनी भरभरून 'हो' म्हटलं. जमीन घेतली गेली, आणि वाटेच्या तोंडाशी 'सर्वांसाठी खुली' अशी पाटी लागली.

पहिल्याच रविवारी ती बादली आणि दाताळं घेऊन पोचली. गाडी लावते न लावते तोच पोलीस आला.

"मावशी, स्टिकर कुठंय?"

"हे काय." तिने मागच्या बंपरवर बोट ठेवलं. 'किनारा सर्वांचा. चौथा प्रश्न: हो.'

"हे नाही चालत. इथं घर असलं की नगरपालिका देते, ते पार्किंगचं लागतं. नाहीतर गाडी तीन मैल मागं लावून चालत या."

"मग वाट उघडली कुणासाठी? बंगलेवाल्यांच्या कुत्र्यांना हगायला?"

"वाट सगळ्यांचीच आहे, मावशी. रस्ता तेवढा इथल्यांचा."

डेल्फीना पचकन थुंकली. "लाज नाही वाटत असं बोलायला?"

पोलिसाने बंपरवरचं ते स्टिकर पुन्हा एकदा वाचलं.

 

"मीही 'हो'च म्हटलं होतं. पण मलासुद्धा इथं गाडी ड्युटीवर असलो तरच लावता येते."