दीडशे नगांची पेटी

मोतीलालने काउंटरवर रंगांची पेटी ठेवली तेव्हा योगराजने ती उघडून पाहिली नाही. दोन्ही हातांनी उचलून तोलून पाहिली. ठिबकचे पाइप विकणारा माणूस तो. वजन भरलं की माल चांगला, एवढंच त्याला ठाऊक.

"दीडशे नग आहेत साहेब," मोतीलाल म्हणाला. "अख्ख्या जळगावात एवढी मोठी पेटी दाखवा. झाकणावर परी आहे, दाबलं की तिचे डोळे चमकतात."

त्याने दाबलं. परीचे डोळे चमकले. योगराज खूश झाला.

त्याच्या भाचीचा, ऋतिकाचा, आज नववा वाढदिवस होता. बहिणीने हॉल घेतला होता. कोणी काय आहेर आणला ते तिथे माइकवरून सांगणार होते, आणि पहिलं नाव मामाचं. अमळनेरहून निघाल्यापासून योगराजच्या डोक्यात तो माइकच होता.

"यामां रंग कितला शेतस?" बेबाबाईने विचारलं.

बेबाबाई योगराजची आई. इतका वेळ ती बाजूला उभी होती. मोतीलालने तिच्याकडे न बघताच पेटी उघडली. बेबाबाई एकेक वस्तूवर बोट ठेवत गेली. खोडरबर, पट्टी, टोकयंत्र, डिंकाची बाटली. क्लिपाच चाळीस. त्याही नगांत धरलेल्या. मग रंगांतली एक हिरवी कांडी उचलून तिने बिलबुकाच्या पाठीवर ओढली. कागद खरवडला. रंग आला नाही. दुसरी हिरवी ओढली, तीही तशीच मेणकट.

"हाऊ तं घासाले शे, लावाले नई," ती म्हणाली.

"माय, तुला काय कळतं त्यातलं?" योगराज हसला आणि मोतीलालकडे बघून आणखी हसला.

बेबाबाईने पिशवीतून चौघडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. ऋतिकाने काढलेलं आजीचं चित्र. नाकातली फुली, कपाळावरच्या आठ्या, लुगड्याचे काठ, सगळं जागच्या जागी. फक्त उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत कोरा. खाली शाळेतल्या बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'अपूर्ण.' त्यानंतर पोरीने कागदाला हात लावला नव्हता. गेल्या खेपेला आजीच्या मांडीवर पडून ती एवढंच म्हणाली होती, "आजी, तुझा हात माझ्या पेटीत नाही."

बेबाबाईने बाही मागे सारली आणि हात काउंटरवर ठेवला. तुळस, विंचू आणि टिकल्यांच्या तीन ओळी. पन्नास-पंचावन्न वर्षांचं गोंदण. धड निळं नाही, धड हिरवं नाही.

"माले हाऊ रंग जोयजे."

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. योगराजचे कान लाल झाले. "पदर घे ना हातावर," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"काय आजी," मोतीलाल म्हणाला, "हात घेऊन आलात मॅचिंगला! ब्लाउजपीसचं दुकान समोर आहे."

योगराजही हसला. आईवर हसताना मुलाने एवढं मोठ्याने हसू नये.

गल्ल्यावर मोतीलालची बायको मोहिनी बसली होती. तिने चष्मा वर केला, उठून आली, चित्र पाहिलं आणि मग हात नीट बघितला.

"हा तयार मिळत नाही," ती म्हणाली. "करावा लागतो."

तिने दाखवायला ठेवलेल्या तीन ट्यूब उघडल्या. निळा, त्यात थोडा पिवळा, काळ्याचा एक ठिपका. बशीत घोटून तिने ब्रशने तो बेबाबाईच्या मनगटावर, तुळशीच्या खाली, बोटभर ओढला. बेबाबाईने हात डोळ्यांजवळ नेला. गोंदण कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते तिला सापडेना.

"हाऊच!"

"या तीन ट्यूब, एक ब्रश आणि जाड कागदाची वही," मोहिनी योगराजला म्हणाली. "मुलीचा हात चांगला आहे. तिला एवढंच द्या. पेटीपेक्षा महाग पडणार नाही."

योगराजने ट्यूब तळहातावर घेतल्या. तिन्ही मिळून लिंबाएवढंही वजन नव्हतं.

"हे घेऊन हॉलमध्ये उभा राहू?" तो म्हणाला. "माइकवर काय सांगतील? मामाकडून तीन ट्यूब? लोकांना वाटेल दात घासायला आणल्या."

"बरोबर आहे साहेबांचं," मोतीलाल म्हणाला. बायकोकडे वळून त्याने आवाज उतरवला. "तू गल्ल्यावर बस. विकायच्या वस्तू लोकांच्या अंगाला फासू नको."

मोहिनीने ट्यूबची झाकणं लावली. मोतीलालने पेटीला चकचकीत कागद चढवला, वर रिबनचं फूल बसवलं. जाताजाता योगराजने परीची कळ एकदा कागदावरून दाबून पाहिली.

रिक्षात त्याने पेटी मांडीवर उभी धरली, म्हणजे बाहेरूनही दिसेल. मग त्याचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. त्याने खिशातून रुमाल काढला.

"ते पुसू दे आधी. तिथे बहिणीच्या सासरची माणसं आहेत."

बेबाबाईने हात बाजूला घेतला आणि हनुवटीने त्याच्या मांडीवरची पेटी दाखवली.

"पुसू नको. मामाना आहेर तुनाजोडे शे. हाऊ आजीना."

आणि ओला रंग लुगड्याला लागू नये म्हणून बाही कोपराच्या वर खोचून, हॉल येईपर्यंत तिने तो हात रिक्षाबाहेर वाऱ्यात धरून ठेवला.