काचेतून येणारं ऊन

तिसरी कॅप्सूलही कुंडीतच सापडली. खाटेशेजारच्या स्टुलावर कोरफड होती, तिच्या मुळाशी, मातीत बोटभर खोल. काचवाल्याने ती पुसून खिशात टाकली आणि बायकोकडे पाहिलं.

"कोरफडीची हाडं एव्हाना चांगली मजबूत झाली असतील," तो म्हणाला.

बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. नवराही थट्टेत म्हणता म्हणता तेच म्हणायला लागला होता.

चार महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, सळई घातली, पण पाय काही भार घेईना. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल दिली, अंगावर ऊन घ्यायला सांगितलं आणि काचवाल्याला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "तीन-चार महिन्यांत हे वर आलं नाही, तर बाई पुन्हा चालतील असं धरून बसू नका."

तीन मजले उतरून उन्हात न्यायचं कसं, हा प्रश्न होताच. आणि कॅप्सूलचं म्हणाल तर बाईंचं उत्तर ठरलेलं. "सत्तरी झाली. पोर ना बाळ. आता कोणाला चालून दाखवायचंय?"

मी काय मेलोय का, असं काचवाल्याच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने कुंडीचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "दटावा की जरा."

"दटावून काय होतंय? चाळीस वर्षं बघतोय. स्वतःसाठी ती घोटभर पाणी प्यायलाही उठायची नाही. दुसऱ्याचं अडलं असेल तर तापातसुद्धा उठेल."

घरी येऊन त्याने टेप काढली आणि खाटेशेजारची भिंत मोजायला घेतली.

गवंडी आला, भिंत फुटली, आठ दिवस घरभर धूळ झाली. काचवाल्याने दुकानातली ठेवणीतली काच काढली. पंधरा वर्षांत कितीजणांनी मागितली, पण त्याने कोणाला दिली नव्हती. चौघांनी ती जिन्यावरून वर चढवली. बसवताना कड निसटली आणि त्याच्या तळहाताला सात टाके पडले.

"उघडत नाही का ही?" बाईंनी विचारलं.

"अखंड आहे. वारा लागून सर्दी व्हायची तुला."

अकरा वाजता ऊन थेट खाटेवर उतरलं. "आता त्या कॅप्सूल टाकून दे," असं म्हणत काचवाल्याने डबी उचलली आणि बाईंच्या उशाशी असलेल्या खणात ठेवून दिली.

बाईंनी तोंड उघडलं. सातवीच्या वर्गाला त्या दरवर्षी सांगायच्या, काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण बाहेरच अडवते. चौथी शिकलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? त्यांची नजर पट्टी बांधलेल्या हातावर गेली.

"झकास झालीय," त्या म्हणाल्या.

झालं. काचवाला गल्लीभर सांगत सुटला. गोळ्याबिळ्या काही नकोत, आमच्या बाई नुसत्या उन्हावर चालायला लागतील. नाही लागल्या तर दुकानाला कुलूप लावीन. लोक तोंडावर हो हो म्हणायचे आणि जिना उतरताना हसायचे. ते हसणं वर ऐकू यायचं.

बाईंचा जीव कासावीस झाला. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण या भाबड्या माणसाचं हसं झालेलं त्यांना बघवलं नसतं. गुरुवारी तो सुताराकडे गेल्यावर त्यांनी खण उघडला आणि हाताशी ठेवलेल्या दुधाबरोबर एक कॅप्सूल गिळली.

मग दर गुरुवारी हेच चाललं. नेमकं त्याच दुपारी त्याला सुताराकडे काम निघायचं. बाई पायाचे व्यायामही करायला लागल्या. नवऱ्याशी एवढी लबाडी त्यांनी आयुष्यात केली नव्हती आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजा येत होती.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा चांगला वर आला होता.

"कॅप्सूल नियमित घेतलेल्या दिसतायत," डॉक्टर म्हणाल्या.

"कसल्या कॅप्सूल?" काचवाला म्हणाला. "खिडकीची करामत आहे ही."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. काही बोलू नका, अशी बाईंनी हळूच मान हलवली. डॉक्टरांना एकदम खोकला आला. "हं. खिडकी चांगलीच असणार," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काचवाला दुकानात जायला निघाला आणि काच कापायची हिरकणी टेबलावरच विसरला. बाईंनी हाक मारली, पण तो जिन्यात पोचला होता. त्या वॉकर धरून उठल्या. एक पाऊल, मग दुसरं. कोणाचाही हात न धरता त्या दारापर्यंत आल्या. बाहेर बोलणं चाललं होतं.

"मलाही रोज अर्धा तास बसू द्या त्या खिडकीत," खालच्या मजल्यावरचे काका म्हणत होते. "गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय."

"काका, तुम्ही आपले गच्चीवर बसा." काचवाल्याने आवाज खाली आणला. "काचेतून नुसता उजेड येतो. हाडाला लागतं ते ऊन बाहेरच राहतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाईंनीच. सातवीचा धडा त्या घरी मोठमोठ्याने म्हणायच्या. तीस वर्षं ऐकलाय मी."

"अहो, मग भिंत फोडून एवढी खिडकी केलीत कशाला?"

"तिने गोळ्या घ्याव्यात म्हणून," काचवाला म्हणाला.