प्रधानाच्या मिशा

"सांग, राणी कुठे लपली!" सेतुमाधवकाका गरजले. कोळशाने रंगवलेल्या मिशा त्यांच्या अर्ध्या गालापर्यंत गेल्या होत्या.

सहा वर्षांची शेषू खुदकन हसली.

"बघा काका! ही पोर पण भीत नाही तुम्हांला," कृष्णवेणी उसळून म्हणाली. नाटक तिचे. पंधराव्या वर्षी लिहिलेले, पहिलेच. उद्या संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीतली सगळी मराठी घरे गॅसबत्तीच्या उजेडात ते पाहायला बसणार होती. "माझा प्रधान ओरडत नाही. गोड बोलतो."

"गोड बोलला तर मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना दुष्ट कोण ते कळायचे कसे ग? आमच्यात दुष्ट म्हणजे मिशा आणि गर्जना. पटत नसेल तर उद्या जुनेच नाटक लावतो. तुझे राहू दे पेटीत."

पण मागे सरते तर ती कृष्णवेणी कसली? "एकदा मी प्रधान होऊन दाखवते. मग काय ते ठरवा."

काका हात झाडून बाजूला बसले. राणी झालेल्या कामाक्षीवहिनी पडद्यामागे गेल्या. प्रधान विचारणार, आणि राणीच्या लेकीने, छोट्या राजकन्येने म्हणायचे, 'मला ठाऊक नाही.' शेषूचे तेवढेच वाक्य. आठवडाभर घोकलेले.

कृष्णवेणीने धाकट्या बहिणीला मांडीवर घेतले. तिचे केस मोकळे केले आणि वेणी घालायला घेतली, रोज शाळेआधी घालायची तशीच. पेडात मरवा खोवला.

"ओढतेय का ग, कण्णू?" तिने लाडाने विचारले.

शेषूने मान हलवली. तिचे डोळे मिटत आले. प्रधान काही विचारीचना. तालमीला जमलेल्यांपैकी कोणीतरी खाकरले, काकांनी हातानेच गप्प केले.

"आई सकाळपासून उपाशी आहे," कृष्णवेणी तिच्या कानाशी म्हणाली. "आपण दोघी दहीभात नेऊन देऊ तिला. कुठे बसली ग ती?"

शेषूचे बोट पडद्याकडे गेले.

कोणी हसले नाही. पडदा जराही हलला नाही.

"मिशा नकोत," काका म्हणाले. "उद्या तूच प्रधान."

कृष्णवेणीने टाळीच वाजवली. "ऐकलेस, शेषू? जिंकलो की आपण! ये, वेणी पुरी करू."

शेषू अजून आपल्या बोटाकडे बघत होती.

"अक्का, आता तू आईला धरणार?"

"अय्यो, नाटक आहे ग ते!"

कृष्णवेणीने हात पुढे केला. शेषू उठली, अर्ध्या वेणीनिशी पळत गेली आणि काकांच्या गळ्यात पडली. कोळशाच्या मिशा तिच्या गालभर पसरल्या, तरी तिने तोंड वर काढले नाही.