येऊ का?

अठ्ठ्याहत्तर साली कामरगावचा शेषराव मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला लागला. एका खोलीतल्या टर्मिनलवर टाइप केलेलं दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर उमटायचं. रीत अशी होती, की आधी 'येऊ का?' विचारायचं आणि समोरचा 'ये' म्हणाला तरच पुढे लिहायचं. ज्याला नको असेल, त्याने आपले निरोप बंद करून ठेवायचे.

पहिल्याच आठवड्यात दौलतसिंगने विचारलं, 'येऊ का?' तो धनजच्या तांड्यावरचा, म्हणजे आपल्याच भागातला निघाला. समोरासमोर गाठ कधी पडली नाही, पण दुपारी पडद्यावर वऱ्हाडीतून मनसोक्त गप्पा व्हायच्या. शेषरावने त्याला एकदाही नाही म्हटलं नाही.

दिवाळीला गावी आल्यावर शेषराव मुद्दाम तांड्यावर गेला. दौलतसिंगच्या आईने, गोमतीबाईने, त्याला घरात घेतलं.

"माय, दौलत खुशाल हाये. रोज बोलतो आमी."

गोमतीबाईने मान हलवली.

"दौलतले जाऊन दोन वर्सं झाले, बापू. तिथंच, त्या मशीनपाशी बसल्या बसल्या गेला."

शेषराव बसल्या जागेवरून उठला.

"मलेबी तो रोज दाराशी येऊन इचारते, 'येऊ का?' पोटचं पोरगं हाये, पण मी हो म्हनत नाई."

म्हातारीची नजर शेषरावच्या खांद्यावरून मागे गेली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"आज त्यानं इचारलं नाई. तुमच्यासंगच आत आला."