आणखी पाच प्रश्न

रोज संध्याकाळी बाबा लेकीला फोनवर रसायनशास्त्राचे दहा प्रश्न विचारायचे. उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला, त्यामुळे वाचताना अडखळायचे. पण उत्तरांची वही त्यांच्याकडे आणि नियमही त्यांचाच. दहाही बरोबर आले की फोन ठेवायचा, एक जरी चुकलं तर आणखी पाच विचारायचे.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी ती परगावी खोली घेऊन राहिली होती. दिवसभरात तिच्याशी एवढंच काय ते कोणी बोलायचं. म्हणून पाठ असलेलं एखादं उत्तर ती मुद्दाम चुकवायची.

पण काल बाबांचा आवाज पडला होता. "झेपत नाहीये का गं तुला?"

त्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून आज तिनं नऊच्या नऊ उत्तरं बरोबर दिली.

"शेवटचा. क्लोरीनचा अणुक्रमांक?"

"सतरा."

पलीकडून बराच वेळ रिकाम्या घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत राहिली.

"चूक," बाबा म्हणाले.

तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. सतराच होता.

"अय्या, चुकलंच की," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन नीट बसली. "विचारा आणखी पाच."