अ‍ॅक्सोलॉटलचं बारसं

डोळे मीट आणि समज, तू बोटभर लांबीचं अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू आहेस, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका जलचराचं. मानेशी गुलाबी कल्ल्यांची झालर, राहायला गार पाणी. आणि आल्या दिवशीच शाल्मलीने तुझं बारसं केलंय! टाकीवर दिव्यांची माळ, भोवती गल्लीतली सगळी पोरं आणि प्रत्येकाची काचेवर टकटक.

संध्याकाळी शाल्मलीच्या त्या पिल्लाचे कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक मुडपलं. समोर टाकलेल्या गांडुळाकडेही ते बघेना.

"आबा, ते मरणार का हो?" शाल्मलीने आजोबांना विचारलं.

"घाबरलंय गं. तुझ्या बारशाला कानात कुर्र करायला आत्या वाकली, तर तू असं भोकाड पसरलंस की पाहुण्यांच्या हातातले पेढे तसेच राहिले. याला बिचाऱ्याला रडताही येत नाही."

"मग मी गप्प कशी झाले?"

"तुझ्या आईने आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं तेव्हा."

शाल्मलीने माळ विझवली. भातुकलीतलं मातीचं मडकं धुऊन टाकीत आडवं ठेवलं. पिल्लू हळूच आत शिरलं. आबा कौतुकाने काचेला नाक लावून बघत होते. शाल्मलीने त्यांचा हात धरला आणि त्यांनाही खोलीबाहेर काढलं.